वाणाचं गिरमिट

बर्फाला भोक पाडायचं गिरमिट विकत घ्यायला गेलेल्या बाईकडे दुकानदार कसा बघतो, हे ज्यांना बघायचं असेल त्यांनी जूनमध्ये इथे आखातात, माझ्याबरोबर रोल्लाच्या बाजारात यावं. तो आधी तुमच्याकडे बघतो. मग काचेबाहेरच्या उन्हाकडे बघतो. मग तुमच्या नवऱ्याकडे बघतो, की ही कधीपासून अशी. आमच्या ह्यांनी अशा वेळी स्वतःच्या चपलांकडे बघायची सवय लावून घेतली आहे. संसारात त्यांचा मला असा आधार आहे.

झालं काय, यंदा अधिक ज्येष्ठ आला. आमच्या शुभ्राच्या लग्नानंतरचा हा पहिला अधिक महिना, म्हणजे जावयाला वाण देणं आलं. जावई सुजीत, कॅनडात विनिपेगला असतो. मुलगा गुणी आहे. नोकरी चांगली, व्यसन नाही, डोक्यावर केसही अजून आहेत. फक्त तो मला कशानेही हाक मारत नाही. आई नाही, काकू नाही, रस्त्यावरच्या बाईला म्हणतात तसं मावशीसुद्धा नाही. काही सांगायचं झालं की खोकतो. लग्न झाल्यापासून मी त्या खोकल्याला "काय हो जावईबापू" म्हणून उत्तर देते आहे. आपल्या आईशी बोलताना मात्र वाक्यागणिक "आई, आई". मी फोनवर या कानांनी ऐकलंय.

तर हा सुजीत सुट्टीवर पुण्याला निघाला. शुभ्राला रजा नव्हती, म्हणून एकटाच, आणि वाटेत दोन दिवस इथे थांबणार होता. मी खूश. तेवढ्यात त्याच्या आईचा, म्हणजे आमच्या विहीणबाई शोभनाताईंचा, पुण्याहून फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या सहज म्हणाल्या, "सुजीत म्हणत होता, एअरपोर्टजवळ हॉटेलच घेतो. त्याला तुमच्याकडे जरा अवघडल्यासारखं होतं हो."

शोभनाताई सहज म्हणून जे बोलतात ते आधी तीन दिवस मुरवलेलं असतं. माझ्या घरी अवघडतं. आमचं पोळीभाजी केंद्र आहे. तिथे कोण कुठली माणसं येऊन आमटी ओरपून, ढेकर देऊन, वर "काकू, थोडं लोणचं" म्हणून जातात. त्यांना अवघडत नाही, आणि माझ्या जावयाला अवघडतं. मी तिथल्या तिथे ठरवलं. हा मुलगा माझ्याच घरी उतरेल, पाटावर बसून माझ्या हातून वाण घेईल आणि मला काहीतरी म्हणेल. काय म्हणायचं ते त्याचं त्याने ठरवावं, पण खोकणार नाही.

शुभ्राला विचारलं, काय देऊ. चांदीचं ताट देऊ का?

"आई, ताट नको. त्याला ऑगर दे."

"हा कुठला दागिना?"

मग तिने समजावलं. तिकडे हिवाळ्यात अख्खं तळं गोठतं. त्यावर माणसं गाड्या घेऊन जातात, बर्फाला गिरमिटाने भोक पाडतात, भोकात गळ सोडतात आणि शेजारी स्टूल टाकून बसतात. मासा आला तर आला. सुजीतला मागच्या हिवाळ्यापासून हा नाद लागलाय आणि गिरमिट तो दर खेपेला कोणाकडून तरी मागून आणतो.

मी म्हटलं, "घरात बायको आहे, हीटर आहे, आणि हा बर्फावर बसतो?"

"हो."

"तुमचं सगळं ठीक आहे ना गं?"

"आई, ठीक आहे. तू ऑगर देतेस का सांग. मी त्याला म्हटलंय, आई तुझ्यासाठी काहीतरी शोधतेय. तर तो म्हणाला, मग बघू, घरीच उतरेन."

त्या "बघू"वर माझी सगळी इज्जत टांगलेली होती. तिकडेच घे म्हणावं, तर दुकानातून आणलेली वस्तू आणि सासूने तुपाचा दिवा ओवाळून हातात दिलेलं वाण यात फरक आहे. माझी नात ईशानी, मुलाची मुलगी, टॅबवरून डोकं न काढता म्हणाली, "आजी, जस्ट ऑर्डर इट." ऑर्डर केलं असतं तर अधिक महिना संपून निज ज्येष्ठ लागल्यावर आलं असतं. आणि तेही नक्की नाही, फोनवर विचारलं की इन्शाल्ला, म्हणजे देवाची मर्जी, म्हणणार.

शिवाय मनात एक शंका होती. अधिकाचं वाण जाळीदार लागतं. अनारसे देतात ते त्यांना भोकं असतात म्हणून. गिरमिटाला तर एकही भोक नाही. म्हणून करामाच्या सत्यजित गुरुजींना व्हिडिओ फोन लावला. तरुण मुलगा आहे. सुट्टीच्या दिवशी सत्यनारायण, वास्तुशांत आणि बारशी करतो, बाकी आठवडा एका कार्गो कंपनीच्या काउंटरवर बसतो. मंत्र स्वच्छ म्हणतो आणि सामानाचं वजन हाताने उचलून सांगतो.

गुरुजींनी डोळे मिटून विचार केला. म्हणाले, "काकू, अनारशाला भोकं असतात, पण हे भोकाचं कारण आहे. कारण कार्यापेक्षा श्रेष्ठ. चालेल."

"आणि पवित्र महिन्यात मासे मारायचं हत्यार?"

"गिरमिट मासे मारत नाही काकू, ते फक्त भोक पाडतं. पुढचं ज्याचं त्याचं कर्म. सोबत तेहतीस अनारसे मात्र द्या."

मी लगेच हेही विचारून घेतलं की बॅटरीवरचं मिळालं तर काय. तेव्हा ते डोळे उघडून कार्गोच्या आवाजात म्हणाले, "एवढी मोठी बॅटरी विमानात चालत नाही. बॅटरीवरचं नको." बॅटरी गेली. राहिलं पेट्रोलचं आणि हाताचं.

आता बिल्डिंगमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर प्रकाशराव राहतात. कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत मोठे साहेब आहेत. मी लिफ्टमध्ये विषय काढला ही माझी चूक. आमच्या या अल मजाज वस्तीतल्या लिफ्टमध्ये गप्प उभं राहावं हे मला एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं.

"वहिनी, हाताचं घेऊन काय करता? जावयाला काय सुतार समजलात? पेट्रोलचं घ्या. आमच्या साइटवर खजुराच्या झाडांसाठी खड्डे करतात त्याने. एका मिनिटात माणूस पुरता येईल एवढं भोक."

"मला माणूस पुरायचा नाही. मासा काढायचाय. आणि ते मातीचं, आपल्याला बर्फाचं हवंय."

"भोक म्हणजे भोक, वहिनी."

शिकलेली माणसं अशी वाक्यं इतक्या शांतपणे बोलतात की आपल्याला आपलीच लाज वाटते. म्हणून आम्ही रोल्लाला गेलो. दुकानदाराने, मी आधी सांगितलं तसं, बघून घेतलं आणि आतून एक लालभडक धूड काढलं. वर इंजिन, खाली सापासारखं वळलेलं लोखंड. ह्यांनी किंमत ऐकून तिची रुपयात किंमत मोठ्याने सांगितली. परदेशात ह्यांचा हा एकच छंद आहे. मी घेतलं.

पण मी टिचकी मारल्याशिवाय माठ घेत नाही आणि देठ दाबल्याशिवाय वांगं घेत नाही. जावयाच्या हातात न चालणारं यंत्र द्यायचं आणि ते त्याने पुण्याला जाऊन आईला दाखवायचं, हे मी होऊ देणार नव्हते. म्हटलं, आधी बर्फावर चालवून बघायचं. प्रकाशराव म्हणाले, मी आहे ना. आमच्या केंद्राला माल देणाऱ्याकडून बर्फाची लादी मागवली आणि ती खाली पार्किंगमध्ये उतरवली.

नातूर आला. नातूर म्हणजे आमचा बिल्डिंगचा रखवालदार. म्हणाला, "अम्मा, ड्रिलिंग है तो एनओसी लगेगा." बिल्डिंगच्या ऑफिसात मुनिबा नावाची मुलगी बसते, फार गोड आहे. तिच्याकडे गेले.

"आंटी, ड्रिलिंग कौन सी दीवार में करना है?"

"दीवार में नहीं. बर्फ में."

"बर्फ कौन से फ्लॅट में है?"

"फ्लॅट में नहीं, पार्किंग में."

"पार्किंग के फ्लोअर में ड्रिलिंग के लिए तो कॉन्ट्रॅक्टर का लायसेन्स लगेगा, आंटी."

"फ्लोअर को भोक नहीं पाडना है बाई. फ्लोअर के ऊपर बर्फ है, बर्फ को पाडना है. फ्लोअर को धक्का भी नहीं लगेगा."

तिने बिचारीने कॉम्प्युटरमध्ये शोधलं. त्यात भिंत होती, छत होतं, टाइल्स होत्या, बर्फ नव्हता. तिने मोठ्या ऑफिसला ईमेल केली. तिकडून उलट प्रश्न आला की बर्फ बिल्डिंगच्या मालकीचा आहे की भाडेकरूच्या. मी म्हटलं, माझ्या. मग प्रश्न आला, काम पूर्ण झाल्यावर बर्फ हलवण्याची जबाबदारी कोणाची. मी म्हटलं, त्याची त्याची. नातूर मध्ये मध्ये वर येऊन सांगून जात होता, "अम्मा, आधी रह गई." परवानगी शिक्क्यासकट आली तेव्हा लादीची साबणाची वडी झाली होती. यल्ला यल्ला, चला चला करत दुसरी मागवली, कारण परवानगी त्याच दिवसापुरती होती.

प्रकाशरावांनी पेट्रोल भरलं, बाह्या सरसावल्या, दोरी ओढली. आवाज असा झाला की तीन गाड्यांचे भोंगे आपोआप वाजायला लागले. गिरमिट बर्फावर टेकवलं. मातीला धरणाऱ्या त्या पात्याने बर्फाला धरलंच नाही, नुसतं फिरवलं. लादी आपल्याच पाण्यावर गोल फिरली, मग सरळ निघाली. घाई अशी काही नव्हती. हळूहळू, एखादी थोरली बाई लग्नमांडवातून जावी तशी ती गेली आणि प्रकाशरावांच्या नव्या पांढऱ्या गाडीच्या दारात जाऊन थांबली. दार आत गेलं.

इथे गाडीला ओरखडा जरी आला तरी पोलिसांच्या कागदाशिवाय गॅरेजवाला हात लावत नाही. पोलीस आले. सभ्य तरुण होते. विचारलं, धडक कशाने. प्रकाशराव म्हणाले, "आइस." त्यांनी पुन्हा विचारलं. प्रकाशरावांनी पुन्हा तेच सांगितलं आणि मान खाली घातली. पुरावा बघायला सगळे वळलो तोवर आरोपी पाणी होऊन गटाराच्या जाळीतून निघून गेला होता. त्या दिवसापासून प्रकाशराव मला लिफ्टमध्ये भेटले की जिन्याने जातात.

मी हार मानली नव्हती. म्हटलं, इथल्या बर्फात दम नाही, कॅनडाच्या बर्फात चालेल. धूड धुऊनपुसून गुरुजींच्या काउंटरवर नेलं, की जावयाच्या सामानात बांधून द्या. गुरुजींनी टोपण उघडून नाक जवळ नेलं आणि मागे घेतलं.

"काकू, यात पेट्रोल घातलं होतं?"

"थोडंसंच. काढलं सगळं. धुतलं."

"नवं कोरं असतं तर गेलं असतं. एकदा इंजिनात पेट्रोल गेलं की ते विमानात चढत नाही."

"गुरुजी, तुम्हीच म्हणालात चालेल."

"गुरुजी म्हणून म्हणालो चालेल. कार्गोचा माणूस म्हणून सांगतो, चालणार नाही."

"काही शुद्धी? पंचगव्य, काहीतरी?"

त्यांना माझी दया आली असावी. म्हणाले, "शास्त्रात सगळ्याला शुद्धी आहे, काकू. कार्गोत नाही."

मी आयुष्यात सोवळंओवळं पाळलं, पण पेट्रोलचा विटाळ कायमचा असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. रोल्लाचा दुकानदार वापरलेलं परत घेईना. आता ते धूड आमच्या बाल्कनीत उभं आहे. त्यावर हे टॉवेल वाळत घालतात. त्या दिवशी मी जेवले नाही. जावई तीन दिवसांवर आलेला, वाणाच्या नावाने तबकात नुसते अनारसे, आणि माझ्या डोळ्यांपुढे तो एअरपोर्टच्या हॉटेलात एकटा बसून सँडविच खातोय आणि शोभनाताई सहज सगळ्या कोथरूडला सांगताहेत.

शेजारच्या सुरैय्याने मला जिन्यात बसलेलं पाहिलं. हैदराबादची आहे, आमची वर्षानुवर्षांची देवाणघेवाण. "शालिनी बाजी, रोते क्या बैठे? मेरे भाई का यार्ड है ना. कॅनडा से गाड़ियों के पुर्जों का कंटेनर आता, उसमें लोगां का क्या क्या कबाड़ भी आता. चलो, देखके आते."

मला हे आधी का सांगितलं नाहीस, असं विचारलं. तर म्हणे, "आप पूछे कब? आप तो प्रकाश साब को पूछ रहे थे."

भर दुपारी, इंडस्ट्रियल एरियात, तापलेल्या पत्र्याखाली आम्ही दोघी बर्फाचं सामान उपसत होतो. बर्फ ओढायची फावडी, घसरगाड्या, लहान मुलांचे बूट. आणि त्यात निघाली हाताने फिरवायची दोन खरी गिरमिटं. एक सहा इंची, एक आठ इंची. विळीची धार बघावी तशी मी अंगठ्याने पातं पाहिलं. धार होती. रक्त पुसत शुभ्राला व्हिडिओ लावला.

"आई, सहा इंची घे. हाताने फिरवायला सहा पुरे. आठ इंची फिरवताना खांदे निखळतात."

मी दोन्ही शेजारी ठेवून बघत होते. सहा इंच म्हणजे माझा फुलका. आठ इंच म्हणजे भाकरी. पहिल्या अधिकाचं वाण, आणि जावयाला फुलक्याएवढं भोक द्यायचं? उद्या शोभनाताई म्हणतील, दिलं, पण हात आखडून दिलं. मी आठ इंची उचललं. उचलताना कंबरेत कळ आली, पण कळ बाहेरच्यांना दिसत नाही. यार्डातून आम्ही सरळ दवाखान्यात गेलो, अंगठ्याला टाका आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला. डॉक्टरने कशाने कापलं ते विचारलं. मी म्हटलं, विळीने. सगळ्यांना सगळं सांगायची गरज नसते.

सुजीत आला. घरीच आला. मी त्याला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं, अनारसे दिले आणि खणात गुंडाळलेलं ते ओझं ह्यांच्या मदतीने त्याच्या मांडीवर ठेवलं. तो खोकला. माझा धीर सुटला. त्याने खण सोडला. मग पात्यावरून हात फिरवत राहिला.

"आठ इंची," तो म्हणाला. "हाताचं. तिकडे सगळे सहाच वापरतात."

मी म्हटलं, आपल्याकडे हात आखडायची पद्धत नाही.

आणि मग तो बोलायला लागला. बर्फाचा रंग, खालचं पाणी, पहाटे तळ्यातून येणारा आवाज, आठच्या भोकातून केवढा मासा वर येतो, सगळं. भात वाढला, गार झाला. मी बघत होते, हा तोच मुलगा का. शेवटी हळूच म्हणाला, "याला दोन माणसं लागतात फिरवायला. शुभ्रा येत नाही. म्हणते वेड लागलंय. मी एकटाच बसतो तिथे दिवसभर." मग पुन्हा खोकला, पण या वेळी खोकल्यानंतर शब्द आला. "आई, तुम्ही याल?"

मी मागे वळून बघितलं, शोभनाताई उभ्या आहेत की काय. मागे फ्रिज होता.

ज्या शब्दासाठी मी बर्फ वितळवला, शेजारी तोडला, अंगठा कापला, तो शब्द आला, तर त्याच्यापुढे असला प्रश्न लावून आला. आईला नाही म्हणता येत नाही. मी म्हटलं, येईन की. कधी? तर जानेवारीत, तेव्हा बर्फ चांगला जाड असतो. थंडी किती? "उणे तीस. पण कोरडी असते, आई." जेवता जेवताच त्याने मोबाइलवर माझ्या मापाचा बर्फाचा सूट बघून ठेवला. केशरी. म्हणे, पाण्यात पडलात तर लांबून दिसाल.

तरी मला वाचायला जागा होती. गुडघे आहेत, बीपी आहे, केंद्र आहे. पण तो पुण्याला पोचल्यावर शोभनाताईंचा फोन आला. आवाज वेगळाच होता. म्हणाल्या, "तुम्हाला घेऊन जाणार म्हणे बर्फावर. मला कधी विचारलं नाही त्याने."

तेव्हा मी गप्प बसले असते तर आज सुखात असते. मी म्हटलं, "तुम्हाला झेपणार नाही हो शोभनाताई. तिथे आठ इंची असतं." आणि फोन ठेवल्यावर मला कळलं की माघारीचा रस्ता मी स्वतःच्या हाताने बंद केलाय.

आता व्हिसाला बोटांचे ठसे देऊन झाले, अंगठ्याचा नीट उमटेना म्हणून दोनदा. शुभ्रा रोज फोनवर ओरडते. सुजीतही रोज फोन करतो, "आई, दंड मारता का?" विचारतो. आणि मी दुपारची गर्दी ओसरली की केंद्रातल्या कोल्डरूममध्ये स्टूल टाकून बसते. स्वेटर, त्यावर ह्यांचा कोट, कानटोपी, मांडीवर शाल. समोर कोथिंबिरीचे खोके, बाजूला इडलीच्या पिठाचे डबे. बाहेर पंचेचाळीस अंश, आत चार. उणे तीसला अजून बरंच अंतर आहे, पण कुठूनतरी सुरुवात करायला हवी. पोरं भाजी न्यायला आत येतात, मला बघतात आणि भाजी न घेताच परत जातात.

काल ह्यांनी दार उघडलं. माझ्याकडे बघत उभे राहिले. या वेळी चपलांकडे नाही, माझ्याकडे. म्हणाले, "शालिनी, अजून वेळ गेलेली नाही. कंबर दुखते म्हणून सांग. खोटं नाही ते."

माझे दात वाजत होते, म्हणून उत्तराला जरा उशीर झाला.

"दार लावा," मी म्हटलं. "गरम हवा आत येतेय."